बरणीतला मेंदू, पडद्यावरचा मेंदू

कळस हे इंदापूर तालुक्यातील एक गाव. समजा, येथील शाळेतून बारावी झालेल्या एका मुलीला वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळाला. पूर्वी अशा मुलीला पुणे, सोलापूर किंवा मुंबई गाठावी लागे. २०१९ साली बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि ते अंतर कमी झाले. दुसऱ्या वर्षी तिला विकृतिशास्त्र शिकावे लागेल. रोगाने शरीराच्या अवयवांत काय बदल होतात हे सांगणारे हे शास्त्र. ते नुसते वाचून येत नाही, ते पाहावे लागते. निरोगी यकृत आणि सिरोसिस झालेले यकृत शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे पानभर वर्णनाने जे कळत नाही ते कळते.

नव्या महाविद्यालयाला इमारत बांधता येते, सूक्ष्मदर्शक विकत घेता येतात, शिक्षक नेमता येतात. परंतु शंभर-दीडशे वर्षांत एकेक नमुना जमवून उभे राहिलेले संग्रहालय विकत मिळत नाही. मग कळसच्या या विद्यार्थिनीने रोग पाहायचे कोठे? आज याचे सोपे उत्तर आहे : इंटरनेटवर. तेथे विकृतिशास्त्राच्या आणि मेंदूच्या प्रतिमांचे मोठमोठे संग्रह विनामूल्य उपलब्ध आहेत. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजण्यासाठी वैद्यकशिक्षणातील चित्रांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल. सुदैवाने त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान मुंबईत आणि साताऱ्यात लिहिले गेले आहे.

चित्रकार डॉक्टर

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८५८ साली या महाविद्यालयात शरीररचना शिकवण्यासाठी हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर आला. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचे शरीररचनेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ हे नाव आज वैद्यकाच्या बाहेरही माहीत आहे, पण त्यातील ३६३ चित्रे काढणारा हा कार्टर फार थोड्यांना ठाऊक आहे. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे ठरले होते, कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले. मुखपृष्ठावर त्याचे नावही ग्रे यांच्या नावापेक्षा लहान अक्षरांत छापले गेले.

कार्टरच्या चित्रांत शिक्षकांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. त्या काळच्या पुस्तकांत अवयवांना आकडे किंवा लहान अक्षरे देत आणि त्यांचा अर्थ तळटीपेत लिहीत. विद्यार्थ्याची नजर सारखी चित्र आणि तळटीप यांच्यात फिरत राही. कार्टरने नावे थेट अवयवांवरच लिहिली. शिरेचे नाव शिरेच्या वळणाबरोबर वळते, स्नायूचे नाव त्याच्या तंतूंच्या दिशेने धावते. आज पडद्यावरील चित्रात बोट ठेवताच त्या भागाचे नाव उमटते, त्यामागची कल्पना हीच आहे.

मुंबईत आल्यावर कार्टर नुसता शिकवत बसला नाही. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या पायाला होणारा एक रोग त्याने अभ्यासाला घेतला. पाय सुजतो, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे किंवा फिकट कण बाहेर येतात. मदुरा भागात हा रोग आधी नोंदला गेल्याने त्याला मदुरा पाय म्हणत. अनवाणी चालताना काटा रुतला की त्या जखमेतून मातीतील सूक्ष्मजीव आत शिरतात आणि वर्षानुवर्षे आतून पाय पोखरतात. कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांत बुरशी पाहिली आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. काही रुग्णांत हा रोग बुरशीमुळे नव्हे तर जीवाणूंमुळे होतो, हे नंतर कळले. १८६३ ते १८७२ या काळात तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७४ साली या रोगावरचा त्याचा सचित्र ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला.

म्हणजे आपल्या मातीतल्या रोगाचे शास्त्रीय चित्र दीडशे वर्षांपूर्वीच काढले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला तो २०१६ साली. काटे तेच, शेते तीच आणि अनवाणी पायही पुष्कळ ठिकाणी तेच राहिले होते.

बरणी, काचपट्टी आणि पारदर्शिका

चित्र कितीही चांगले असले तरी ते काढणाऱ्याच्या नजरेतून आलेले असते. म्हणून वैद्यकीय महाविद्यालये प्रत्यक्ष अवयवच जपून ठेवू लागली. आरंभी ते मद्यार्कात ठेवत, त्यामुळे त्यांचा रंग उडून जाई. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन शास्त्रज्ञाला फॉर्मॅलिनमुळे ऊती टिकतात आणि घट्ट होतात असे आढळले. काही वर्षांतच कार्ल कायझरलिंग याने नमुन्याचा मूळ रंग बराचसा टिकवणारी द्रावणे तयार केली. पुढे जगभरच्या संग्रहालयांतील बरण्या याच पद्धतीने भरल्या गेल्या.

मेंदूचा नमुना करणे विशेष नाजूक काम असते. ताजा मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने चपटा होतो. म्हणून त्याच्या तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनमध्ये उलटा टांगतात. दोन-तीन आठवड्यांनी तो घट्ट झाला की त्याचे काप करतात.

बरणीतला नमुना रोगाचे बाह्य रूप दाखवतो, पेशींतील बदल पाहायला काचपट्टी लागते. मेणात बसवलेल्या ऊतीचा सुमारे पाच मायक्रॉन जाडीचा छेद घेऊन तो रंगवतात. ऊतीचा तुकडा तीन मिलिमीटर जाड असेल, तर हिशेबाने त्यातून सहाशे छेद निघतील. प्रत्यक्षात बरेच वाया जातात. दुर्मिळ रोगाचा तुकडा संपला की त्या रोगाच्या नव्या काचपट्ट्या होत नाहीत. काचपट्टी फुटते, तिचा रंगही कालांतराने फिका पडतो. व्याख्यानासाठी प्राध्यापक रंगीत पारदर्शिका वापरत, त्यांच्यावर मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी चढे. या सगळ्यांची मर्यादा एकच होती : जो त्या इमारतीत असेल त्यालाच ते पाहता येई.

शंभर मेंदू

या मर्यादेचा अर्थ किती गंभीर होता, हे एका उदाहरणावरून पाहू. मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयात आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी मज्जासंस्थेच्या विकृतिशास्त्राचा विभाग उभा केला. क्षयरोगाचे जंतू मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचले की होणारा मेंदूज्वर हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उडाणी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या रोगाने दगावलेल्या १०० रुग्णांचे मेंदू तपासले आणि १९७० साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले.

अशा मेंदूत काय दिसते? मेंदूच्या तळाशी चिकट, दाट स्राव साचलेला असतो. मेंदूच्या पोकळ्यांत तयार होणारे पाणी बाहेर पडण्याच्या वाटा त्याने अडतात, पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. त्याच स्रावातून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जात असतात. त्यांच्या भिंती सुजतात, आतली वाट अरुंद होते आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो. तळाचा स्राव, फुगलेल्या पोकळ्या आणि रक्ताविना मेलेला भाग ही तीन चिन्हे एकमेकांना कशी जोडलेली आहेत हे एकदा नमुन्यात पाहिले की विसरले जात नाही.

पुढे सीटी स्कॅन आला तेव्हा जिवंत रुग्णाच्या मेंदूत नेमकी हीच तीन चिन्हे शोधायची असतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. मृत मुलांच्या मेंदूंनी शिकवलेला धडा जिवंत मुलांच्या उपयोगी पडला. पण ते मेंदू प्रत्यक्ष पाहण्याची संधी मुंबईतल्या मोजक्या विद्यार्थ्यांनाच मिळाली. जेथे असे रुग्ण येत होते त्या खेड्यापाड्यांजवळच्या रुग्णालयांतील डॉक्टरांपर्यंत ती चित्रे क्वचितच पोहोचली.

आकड्यांचे चित्र

जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र घेणे फार दिवस अवघड होते. साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडी याने १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार क्ष-किरणांनी टिपला. पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ याने १९२७ साली मेंदूच्या धमन्यांत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडून त्यांचे चित्र घेतले. दोन्ही पद्धती रुग्णाला त्रासाच्या होत्या, आणि दोन्हींत मेंदू दिसे तो अप्रत्यक्षपणेच.

लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद शस्त्राशिवाय दाखवला. हे चित्र म्हणजे ८० गुणिले ८०, म्हणजे ६४०० चौकोनांचा तक्ता होता. प्रत्येक चौकोनात एक आकडा असतो आणि तेथील ऊती क्ष-किरण किती अडवते ते तो सांगतो. या मापात पाण्याला शून्य, हवेला उणे १००० आणि घट्ट हाडाला अधिक १००० किंवा त्याहून जास्त असे आकडे येतात. मेंदूचा आतला पांढरा भाग साधारण २५ ते ३० आणि बाहेरचा करडा भाग ३५ ते ४० च्या आसपास असतो. नुकतेच गोठलेले रक्त ६० ते ८० पर्यंत जाते.

आता एक हिशेब करू. उणे १००० ते अधिक १००० ही सारी व्याप्ती करड्या रंगाच्या २५६ छटांत बसवली, तर एक छटा सुमारे आठ आकड्यांना पुरते. मग पांढरा आणि करडा भाग यांत जेमतेम एका छटेचा फरक उरतो, आणि डोळ्याला तो दिसत नाही. म्हणून डॉक्टर पडद्यावर शून्य ते ८० एवढाच पट्टा निवडतो आणि सर्व छटा त्यातच वाटतो. मेंदू स्पष्ट दिसतो, हाड मात्र सपाट पांढरे होते. हाड पाहायचे तर दुसरा पट्टा निवडावा लागतो. हे स्वातंत्र्य मूळ आकडे हाताशी असतील तरच मिळते. संकेतस्थळावर साधे छायाचित्र म्हणून चढवलेल्या प्रतिमेत आकडे उरत नाहीत, कोणीतरी आपल्यासाठी निवडून ठेवलेला एकच पट्टा उरतो.

महाजालावरील पहिले संग्रह

संगणक एकमेकांशी जोडले गेले तेव्हा वैद्यकाच्या काही शिक्षकांनी त्यांचा उपयोग चटकन ओळखला. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडवर्ड क्लॅट यांनी १९९४ च्या सुमारास ‘वेबपॅथ’ हा विकृतिशास्त्राचा संग्रह सुरू केला. त्यात अवयवांची छायाचित्रे, सूक्ष्मदर्शकाखालील छेद आणि स्वाध्याय असे सारे आले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील कीथ जॉन्सन आणि अ‍ॅलेक्स बेकर यांनी ‘होल ब्रेन अ‍ॅटलस’ हा मेंदूच्या प्रतिमांचा संग्रह खुला केला. एकाच रुग्णाच्या मेंदूचे छेद वरून खाली क्रमाने पाहावेत, आजाराबरोबर काळानुसार झालेला बदल पाहावा, अशी त्याची रचना होती.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९६०० बिट मिळत असतील, तर शंभर किलोबाइटचे एक चित्र उतरायला जवळपास दीड मिनिट लागे. मेंदूचे वीस छेद पाहायचे तर अर्धा तास मोडे, आणि मध्येच तार तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पूर्ण काचपट्टीच संगणकात उतरवता येते. वीस गुणिले पंधरा मिलिमीटरचा छेद पाव मायक्रॉनला एक ठिपका या हिशेबाने टिपला, तर ८० हजार गुणिले ६० हजार, म्हणजे ४८० कोटी ठिपके होतात. दाबून लहान न करता साठवले तर हे सुमारे १४ गिगाबाइट भरतात. ते सगळे एकदम उतरवावे लागत नाहीत. मोबाइलवरील नकाशात जसा पाहायचा तेवढाच तुकडा येतो, तसाच काचपट्टीचा तेवढाच भाग पडद्यावर येतो. एक काचपट्टी हजार विद्यार्थी एकाच वेळी पाहू शकतात, ती फुटत नाही आणि फिकीही पडत नाही. बारामतीसारख्या नव्या महाविद्यालयाला ही मोठीच देणगी आहे.

परंतु पडद्यावरचे सारेच टिकाऊ नसते. आयोवा विद्यापीठाने १९९२ साली सुरू केलेल्या ‘व्हर्च्युअल हॉस्पिटल’ या प्रकल्पात मेंदूच्या विच्छेदनाची सुरेख छायाचित्रे होती. २००६ च्या आरंभी हा प्रकल्प बंद झाला. बरणी निगा राखली तर शतकभर टिकते. संकेतस्थळ मात्र अनुदान थांबले किंवा ते चालवणारा निवृत्त झाला की एका दिवसात दिसेनासे होते.

चित्रात कोण आहे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘होल ब्रेन अ‍ॅटलस’मध्ये संसर्ग आणि दाह यांचा एक विभाग आहे. त्यात लाइम रोग, नागीणवर्गीय विषाणूचा मेंदूदाह, एड्समधील मेंदूविकार अशी उदाहरणे आहेत. क्षयाचा मेंदूज्वर त्यात नाही. यात कोणाचा दोष नाही. बॉस्टनच्या रुग्णालयात जे रुग्ण आले त्यांच्या प्रतिमा त्यांनी ठेवल्या, आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिड्या त्यांच्याच जंगलात आहेत. परंतु कळसच्या विद्यार्थिनीने हाच संग्रह म्हणजे जग असे मानले, तर जो रोग तिला क्वचितच भेटेल तो तिला ओळखता येईल, आणि तापाने ग्लानीत गेलेले मूल घेऊन आई दारात उभी राहील तेव्हा जो रोग आधी आठवायला हवा तो तिने पाहिलेलाच नसेल. या रोगात उपचाराला झालेल्या उशिराची किंमत मूल जिवाने किंवा जन्मभराच्या अपंगत्वाने मोजते.

यावर उपाय परदेशी संग्रह टाळणे हा नव्हे, आपले संग्रह उघडणे हा आहे. २००५ साली ऑस्ट्रेलियातील फ्रँक गेलार्ड यांनी ‘रेडिओपीडिया’ हा संग्रह सुरू केला, त्यात कोणत्याही देशातील डॉक्टर आपल्या रुग्णाच्या प्रतिमा देऊ शकतो. भारतातील डॉक्टरांनीही तेथे भर घातली आहे आणि क्षयाचा मेंदूज्वर तेथे पाहायला मिळतो. पण जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत असलेले नमुने, त्यांच्या काचपट्ट्या आणि त्यांची टिपणे सर्वांसाठी खुली झाली, तर तो ठेवा याहून कितीतरी मोठा ठरेल.

उघडताना मात्र काळजी घ्यावी लागते. प्रत्येक नमुना एका माणसाचा असतो. कार्टरच्या काळी इंग्लंडात विच्छेदनाला येत ती बहुतेक गरिबांची, कोणी न नेलेली प्रेते. आपल्याकडेही १९४९ च्या कायद्याने बेवारस प्रेते महाविद्यालयांना मिळू लागली. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. आज विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. प्रतिमेवरचे नाव पुसणेही पुरेसे नाही. २०१९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी डोक्याच्या एमआरआयवरून संगणकाकडून चेहरा तयार करवला आणि तो छायाचित्रांशी ताडून पाहिला. ८४ पैकी ७० जणांची ओळख अचूक पटली. म्हणून मेंदूची प्रतिमा खुली करण्यापूर्वी चेहऱ्याचा भाग काढून टाकावा लागतो.

वर्गात काय करता येईल?

हा विषय वैद्यकीय महाविद्यालयाचा असला तरी त्याची तयारी शाळेत करता येते. आम्ही दोन गोष्टी सुचवतो.

पहिली आलेखाच्या कागदाची. १६ गुणिले १६ चौकोन आखावेत आणि एका विद्यार्थ्याने त्यांत शून्य ते नऊ असे आकडे भरून मनातला एखादा आकार लपवावा. दुसऱ्याने आकड्यांप्रमाणे पेन्सिलीने फिकट-गडद छटा भराव्यात. नंतर तोच तक्ता तिसऱ्याला द्यावा आणि फक्त चार ते सहा हे आकडे छटांनी दाखवायला सांगावे, चाराखालचे चौकोन काळे आणि सहावरचे पांढरे. एकाच तक्त्याची दोन चित्रे का झाली, यावरची चर्चा सीटी स्कॅनचे तत्त्व शिकवून जाते.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. संग्रहालयातील प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते. विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून कोणतेही शास्त्रीय चित्र घेतले, तर ते चिकटवण्यापूर्वी त्याची चिठ्ठी लिहावी : हे कशाचे चित्र आहे, कोठले आहे, कोणी व केव्हा घेतले, किती पट मोठे केले, कोणता रंग वापरला, आणि वापरण्याची परवानगी आहे का. ज्या चित्राची चिठ्ठी लिहिता येत नाही त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे मुले आपोआप ठरवू लागतात. चिठ्ठी झाली की चित्र झाकून ते स्वतःच्या हाताने काढून पाहावे. नजर कोठे घसरली होती ते हात दाखवतो.

‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’च्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीतील १२४७ चित्रे आज स्वामित्वहक्कातून मुक्त होऊन इंटरनेटवर आहेत. बरीचशी नंतरच्या चित्रकारांची आहेत, काही अजूनही कार्टरची. लंडनमधल्या लाकडी ठशांवर उलटे रेखाटलेले ते चित्र कळसमधल्या मुलीच्या मोबाइलवर सुलटे दिसते. तिच्या गावातल्या रोगांची चित्रेही तितक्याच सहज तिच्यापर्यंत पोहोचायला हवीत.